वर केलेलं बोट

रस्ता ओलांडायला उभी होते. पादचाऱ्यांचा दिवा अजून लाल होता म्हणून सवयीने फोन बघितला, आणि त्यात माझ्या दोन ओळी खोडलेल्या दिसल्या. आमच्याकडे कोणी कोणाचा कोड काढायचं सुचवलं की त्या ओळी लाल पट्ट्यात दिसतात. वरची एक, खालची एक, मधलं सगळं जसंच्या तसं. बाजूला शेरा होता, "गरज दिसत नाही. काढावं." दिवा हिरवा झाला. मागून कोणीतरी म्हणालं, "चला ना बाई, झोप लागली का?" मी चालायला लागले, पण पलीकडच्या फुटपाथवर पोचेपर्यंत माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. गरज दिसत नाही म्हणे. अरे, दिसेल कशी? ती कोणाला कधी दिसू नये म्हणून तर त्या ओळी तिथे आहेत. एका दुकानाच्या काचेत माझं प्रतिबिंब दिसलं. खांद्याला पिशवी, हातात फोन, आणि चेहरा अगदी आईचा, गिऱ्हाइकाने शिलाई महाग आहे म्हटल्यावर व्हायचा तसा.

शेरा मिलिसेकंदाचा होता. त्याला हे नाव मीच दिलं. आमच्या गटाचा तो प्रमुख, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, हुशार, आणि जगात मोजता न येणारं काही असतं यावर त्याचा विश्वास नाही. कुठली गोष्ट किती वेळ खाते हे तो शोधून काढतो आणि मग ती काढून टाकतो. चहा पितानासुद्धा तो एक घोट वाचवत असणार. वाईट माणूस नाही. मेमरीची थोडी जागा आधीच बाजूला काढून ठेवणारा त्याने लिहिलेला राखीव साठा मला आवडला होता आणि मी तसं चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं, जे माझ्या हातून सहसा होत नाही. पण माझ्या त्या दोन ओळींना हात लावायचा म्हणजे काय? ऑफिसच्या जिन्यात मी हे स्वतःशी इतक्या मोठ्याने म्हणाले की सफाईवाल्या बाईंनी बादली बाजूला घेतली.

आम्ही दवाखान्यातल्या पंपांच्या आतलं काम करतो. पेशंटच्या शिरेत औषध थेंबाथेंबाने सोडणारा तो छोटा डबा, कडेला आकडे दाखवणारा पडदा, खाली चार बटणं. डबा दुसरे बनवतात. त्याच्या आत एक कॉम्प्युटर असतो आणि त्या कॉम्प्युटरचा जो गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो आमचा. आमच्या शेजारच्या काकांना कित्येक वर्षं वाटत होतं की मी लष्करातल्या कुठल्याशा कर्नलच्या हाताखाली नोकरी करते, आणि ते मला जिन्यात भेटले की जरा ताठ उभे राहायचे. मी त्यांचा गैरसमज काढला नाही. खरं काय ते सांगून इतका मान थोडाच मिळाला असता! तर त्या गाभ्यात एक नकाशा असतो. मेमरीचा कुठला तुकडा कोणाकडे आहे, कुठला मोकळा आहे, त्याचा. कोणाला जागा हवी असेल तर नकाशाला कुलूप लावायचं, जागा शोधायची, नकाशा बदलायचा, कुलूप काढायचं. कुलूप अशासाठी की नकाशा अर्धा बदललेला असताना दुसऱ्या कोणी तो वाचू नये. इथवर कोणीही लिहील.

पण या कॉम्प्युटरला हाका येत असतात. बटण दाबलं, नळी तुंबली, वीज गेली, नर्सच्या टेबलावरून निरोप आला, की इंटरप्ट येतो. इंटरप्ट आला की हातातलं काम आहे तिथे, आहे तसं टाकून धावायचं आणि तो निपटल्याशिवाय परत यायचं नाही, असा तिथला कायदा आहे. आता समजा नकाशाला कुलूप लावलंय, काम अर्ध्यावर आहे, आणि हाक आली. आणि त्या हाकेला ओ देणाऱ्यालाही नेमकी थोडी जागा हवी आहे. तो नकाशाकडे जातो तर कुलूप. तो थांबतो. पण किल्ली ज्याच्या हातात आहे तो तर तोच, अर्धं काम टाकून आलेला. घराला आतून कडी घालायची, खिडकीतून बाहेर पडायचं, आणि मग दारात उभं राहून आपणच आपल्याला दार उघडायची वाट बघायची, असं ते आहे. पंप थांबतो. म्हणून कुलपाच्या आधी माझी एक ओळ आहे. ती म्हणते, आता हाका नकोत. आणि कुलूप काढल्यानंतर दुसरी. ती म्हणते, हं, या आता. मधे आलेल्या हाका हरवत नाहीत, दाराशी थांबतात, आणि मग एकेक करून आत येतात. मधला वेळ इतका थोडा ठेवलाय की थांबलेल्याला आपण थांबलो होतो हेही कळू नये. त्या थोडक्यासाठी मी त्या काळी एक पूर्ण हिवाळा घालवला होता. मधलं प्रत्येक वाक्य उचलून बघितलं होतं, की हे बाहेर ठेवता येईल का. ज्यांना बाहेर जाता येत होतं त्यांना घालवलं. राहिलं ते असं की त्यातून एक शब्द काढता यायचा नाही. मी हे काम केलं, आणि ते चांगलं केलं, आणि नम्रपणा वगैरे मला जमत नाही.

संध्याकाळी चारला बैठक होती. आमच्या गटाचा एक नियम आहे, आणि माझं दुर्दैव असं की तोही मीच केलेला. ज्याला एखादी ओळ ठेवायची आहे त्याने ती काढून मशीन बंद पाडून दाखवायचं. दाखवता आलं तर ओळ राहील, नाहीतर जाईल. पूर्वी एक गृहस्थ होते, प्रत्येक गोष्टीला "असू दे, उपयोगी पडेल" म्हणायचे. त्यांचं तोंड बंद करायला मी तो नियम केला, आणि त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आता त्याच नियमात मी अडकले होते. मिलिसेकंदाचं म्हणणं सरळ होतं. त्याने राखीव साठा केल्यापासून इंटरप्टला लागणारी जागा त्या साठ्यातून दिली जाते. मोठ्या नकाशाकडे हाकेच्या वेळी कोणी येतच नाही. मग दारावर पहारा कशाला? तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, तुमच्या कामाबद्दल काही नाही हं. पण इतक्या वर्षांत एकदा तरी काही झालंय का?" मी म्हटलं, "नाही झालं." तो म्हणाला, "तेच म्हणतोय मी." मी म्हटलं, "मीही तेच म्हणतेय." तो हसला. मला हसू आलं नाही, कारण चारपर्यंत मला ते घडवून दाखवायचं होतं.

सकाळभर मी बाकावरच्या चाचणीच्या पंपाला छळलं. वरती पाण्याची पिशवी, खाली काचेचं भांडं, मधे टपटप. माझ्या दोन ओळी मी स्वतःच्या हाताने काढल्या. एक छोटा प्रोग्राम लावला, जो नकाशाला सतत हात घालत राहील. मग बाहेरून निरोपांचा मारा सुरू केला, जितका करता येईल तितका. थेंब पडत राहिले. मारा वाढवला. थेंब पडत राहिले. पलीकडच्या टेबलावरच्यांनी डबे उघडले, वांग्याचा की कसला वास आला, कोणी म्हणालं, "जेवून घ्या हो आधी." मी पंपाकडे बघत बसले. टप. टप. माझंच लेकरू मला वाकुल्या दाखवत होतं. आणि मग ती भीती आली, जिचं नाव मला घ्यायचं नव्हतं. समजा त्याचं बरोबर असलं तर? समजा दारावर कोणी येतच नव्हतं, आणि मी इतकी वर्षं रिकाम्या गल्लीत काठी आपटत, जागते रहो म्हणत, तोऱ्यात फिरत होते? चोर आला नाही हे माझ्यामुळे, की मुळात चोरच नव्हता? ही भीती साधी नव्हती. नोकरीची नव्हती ती, पगाराचीही नव्हती. मी आयुष्यात पुष्कळ बरी कामं केली, पण ज्याच्यावर हात ठेवून हे माझं असं म्हणावं असं एकच केलं. ते जर गरजेचंच नसेल तर मग मी काय केलं?

आई कापड कापायची तेव्हा तिच्या तोंडात टाचण्या असायच्या. ओठांच्या एका कोपऱ्यात ओळीने. बोलायची सोय नव्हती. कापायची खोली आतली, बाहेरच्या खोलीत मावशी, आईची धाकटी बहीण, गिऱ्हाइकं सांभाळायला. मी शाळेतून धावत आतल्या दारात यायची, तोंडात बातमी मावत नसायची, आणि आई मान वर न करता डाव्या हाताचं एक बोट वर करायची. बस. तेवढंच. कात्री चालत राहायची. त्या बोटापुढे माझे वडील थांबायचे, घरमालक थांबायचा, एकदा तर एक पोलीसही थांबलेला मी पाहिलाय. कापताना कापडाला हात लावायची कोणालाच मुभा नव्हती, मावशीलाही नाही. कात्री शेवटच्या टाचणीपर्यंत पोचली की बोट खाली यायचं. टाचण्या उशीत खोचायची आणि म्हणायची, "हं, बोल." आणि दोघं-तिघं खोळंबलेले असले तर कोण कोणाच्या आधी आलं ते तिला बरोबर ठाऊक असायचं. "आधी ही बोलेल, मग तुम्ही." कोणाची हाक तिने कधी विसरल्याचं मला आठवत नाही. मला त्या बोटाचा राग यायचा, आणि शाळेत मात्र मी सांगायची की माझी आई नुसतं बोट वर करून पोलिसाला थांबवते. ते ऐकून वर्गातल्या मुली गप्प व्हायच्या. माझ्या दोन ओळी म्हणजे ते बोट, वर केलेलं आणि खाली घेतलेलं. हे मी ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही. मिलिसेकंदाला सांगितलं असतं तर त्याने बोटाचाही वेळ मोजला असता.

मावशी बहुतेक वेळा आत यायचीच नाही. बटणं, हूक, धागे, लेस, जे लागेल ते तिच्याजवळ एका मोठ्या डब्यात असायचं. गिऱ्हाईक यायचं, मावशी डब्यातून द्यायची, आतलं दार बंदच. आई त्या डब्याला "माझी शांतता" म्हणायची. दिवसभर माणसं येत राहिली तरी आत चिटपाखरू यायचं नाही. मग मावशी आत कधी यायची? मी पंपावरून डोळे काढले. मावशी आत यायची ती डब्यातलं संपलं की. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, सगळ्यांचे गणवेश एकदम, कोणाला बटण, कोणाला पट्टा, कोणाला बाही आखूड, सगळे एकाच वेळी बाहेरच्या खोलीत, आणि डबा रिकामा. तेव्हा मावशी धाडकन दार ढकलायची, "ताई, बटणं संपली गं!" आणि नेमकं तेव्हाच आईचं बोट कामाला यायचं. एरवीच्या दिवसांत ते बोट कोणाला शोभेचं वाटलं असतं.

राखीव साठा संपला तर काय होतं? मी त्याचा कोड उघडला. मिलिसेकंदाने लिहिलेला भाग नेटका होता, साठा कमी झाला की सवडीने भरून ठेवणारा. पण सवड मिळायच्या आत संपला तर? तिथे एक जुनी पायवाट होती, त्याच्याही आधीची, कोणी न बुजवलेली. साठा संपला तर मागणारा सरळ मोठ्या नकाशाकडे जात होता, हाक चालू असतानाच. सकाळचा माझा मारा सगळा एकाच प्रकारचा होता, आणि एकाच प्रकारच्या हाकांना साठा सहज पुरत होता. एकाच गिऱ्हाइकाने दिवसभर एकेक बटण मागितलं तर मावशीचा डबा कसा संपेल?

आणि मग मला दवाखाना आठवला. अगदी अलीकडचाच. आईचं ऑपरेशन झालं होतं, तिच्या हाताला आमचाच पंप होता. मी खुर्चीवर. आई ग्लानीतून जागी झाली, त्या डब्याकडे बघत म्हणाली, "हे तू केलंस?" म्हटलं, "यातल्या दोन ओळी माझ्या." म्हणाली, "दोनच?" आणि पुन्हा झोपली. मला त्या अवस्थेतही राग आला, तिच्याशी वाद घालावासा वाटला. मग त्या दुपारी दिवे गेले. वॉर्डातले सगळे पंप एकदम ओरडायला लागले, बॅटरीवर गेल्याचं सांगायला. कोणाचा पेशंट घाबरून कुशीवर वळला, नळी दुमडली, तो पंप आणखी ओरडला. नर्सबाई पळत सुटल्या, ज्याचं बटण हाताला लागेल ते दाबत. नर्सच्या टेबलावरचं मशीन बंद होऊन चालू झालं आणि ते प्रत्येक पंपाला विचारायला लागलं, आहेस का, आहेस का. आईने झोपेत हात हलवला, नळी दाबली गेली, नर्सबाईंनी दोन बटणं एकदम दाबली, सगळं एकाच क्षणात. आणि आईचे थेंब पडत राहिले. मी ते मोजत बसले होते, मला वाटलं होतं की काळजीने. आता बाकाशी बसून कळलं की त्या क्षणी काय झालं असेल. त्या डब्यात साठा संपला असेल, कोणीतरी आतलं दार ढकललं असेल, आणि बोट वर असेल. माझं बोट. माझ्या आईच्या शिरेपासून वीतभर अंतरावर. मला बसल्या जागी रडू आलं आणि त्याच वेळी इतका गर्व वाटला की मी उठून उभी राहिले. पलीकडच्या टेबलावरचा म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "भूक लागली."

आधी करून बघायला वेळ नव्हता. चारला सगळे बाकाभोवती जमले, मोठे साहेबही आले. मी म्हटलं, "साठा मी लहान केलेला नाही, जेवढा आहे तेवढाच आहे. ओळी काढल्या आहेत. आता हा पंप दवाखान्यात आहे असं समजा." मग एकेकाला काम दिलं. एकीने नळी चिमटीत धरायची, एकाने बटणं दाबायची, घाबरलेल्या नर्ससारखी, दिसेल ते. एकाने नेटवर्कची वायर काढून लगेच लावायची. आणि विजेचा प्लग मी मिलिसेकंदाच्या हातात दिला. "तू ओढ. मी ओढला तर म्हणशील, मॅडमनी काहीतरी केलं." तो जरा संकोचला. "मी तीन म्हटलं की सगळ्यांनी." मी तीन म्हटलं. पंप ओरडला, पडदा लुकलुकला, थेंब पडत राहिले. साहेबांनी घड्याळ बघितलं. पुन्हा केलं. पुन्हा थेंब. कोणीतरी हळूच म्हणालं, "मस्त आहे की पंप." मिलिसेकंद माझ्याकडे बघत नव्हता, माझी लाज राखायला, आणि ते मला जास्त लागलं. म्हटलं, "परत. आणि या वेळी लाजू नका, आग लागल्यासारखं करा." त्याने प्लग खेचला.

पंप गप्प झाला. ओरडता ओरडता मधेच. पडद्यावर अर्धं अक्षर उमटून राहिलं. नळीच्या टोकाला एक थेंब फुगला, लोंबला, आणि तसाच राहिला. बटणं दाबणारा दाबत होता, काही होत नव्हतं. मग पंप अडकलाय का यावर नजर ठेवणारं आतलं पहारेकरी सर्किट जागं झालं, त्याने भोंगा वाजवला आणि सगळं बंद करून टाकलं. तो भोंगा म्हणजे पंप मेल्याची दवंडी. मी माझ्या दोन ओळी परत घातल्या. पुन्हा सगळ्यांना कामाला लावलं, पुन्हा, आणि पुन्हा, ते दमेपर्यंत. पंप ओरडला, कुरकुरला, प्रत्येक हाकेला रांगेने ओ देत गेला, आणि खाली भांड्यात टप, टप, टप. मिलिसेकंद प्लग हातात धरून उभा होता. म्हणाला, "साठा अर्ध्याखाली कधी गेलाच नव्हता. मी महिनाभर मोजत होतो." मी म्हटलं, "दिवे घालवून मोजलं नव्हतंस." तो म्हणाला, "नाही. हे सुचायलाच हवं होतं मला." मग खुर्चीवर बसून त्याने आपला शेरा खोडला. "याच्या जागी काय लिहू, मॅडम?" मनात पुष्कळ आलं. म्हटलं, "लिही, तोडून पाहिलं. तुटतं." त्याने तसंच लिहिलं. मग ती जुनी पायवाट नीट बांधायला त्याने स्वतःहून घेतली. मघाशी सांगितलंच की माणूस वाईट नाही.

घरी आले तेव्हा आई जेवणाच्या टेबलावर कापड पसरून उभी होती. डॉक्टरांनी उभं राहून काही करायचं नाही म्हणून बजावलंय, पण डॉक्टर घरी कुठे असतात! ओठांच्या कोपऱ्यात टाचण्या, हातात ती जुनी कात्री, हात पूर्वीपेक्षा हळू चालत होता पण रेघ सोडत नव्हता. मी दारातूनच म्हटलं, "आई, आज ना," आणि डावं बोट वर झालं. मान वर झाली नाही. पिशवी खांद्याला तशीच लटकलेली, तोंडात बातमी मावत नव्हती, आणि मी उभी राहिले. कात्री चालत होती. किती छान असतं ते थांबणं, आपली पाळी येणार याची खात्री असताना. शेवटच्या टाचणीपाशी कात्री मिटली, बोट खाली आलं. तिने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. "हं, बोल. काय झालं?"

"काही नाही झालं," मी म्हटलं.

चष्म्यावरून माझ्याकडे नीट बघत ती म्हणाली, "काही झालं नाही म्हणून एवढी फुगून आलीस होय गं? तोंड बघ आरशात."

"काही होऊ दिलं नाही मी. त्या दोन ओळींनी. तुला दवाखान्यात लावला होता ना तो पंप, दिवे गेले तेव्हा..."

तिने सगळं ऐकून घेतलं, अधेमधे न तोडता. राखीव साठा वगैरे तिला किती कळलं कोण जाणे, पण मावशीच्या डब्यापाशी आल्यावर तिने मान हलवली. मग कात्री पुन्हा उचलली आणि ओठांत टाचण्या धरायच्या आधी म्हणाली, "मग असं सांग ना. तेव्हा नुसतं दोन ओळी म्हणालीस." आणि कापडाचं पलीकडचं टोक माझ्याकडे सरकवलं. "हे धर. घट्ट धर, मी कापतेय."

मी पिशवी खाली ठेवली आणि टोक धरलं.